अंडी उबवायची की बेट मोकळं करायचं?

जायकवाडीच्या काठावर पक्षी बघताना आमच्यात हा वाद हमखास निघतो: नामशेष होऊ घातलेला पक्षी वाचवायला माणसाने अंडी उबवून पिल्लं वाढवावीत, की शत्रू हटवून त्याला सुरक्षित जागा द्यावी? मॉरिशसच्या ससाण्याचे १९७४ मध्ये जंगलात चारच पक्षी माहीत होते. पहिली अंडी उचलली की मादी पुन्हा घालते. उचललेली उबवून पिल्लं रानात सोडली, संख्या शेकड्यांत गेली.

न्यूझीलंडचा काकापो हा पोपट मात्र उडत नाही. मांजर, उंदीर आणि स्टोट (मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी) यांच्यापुढे तो अगदी निराधार. म्हणून हे शत्रू हटवलेल्या बेटांवर त्याला नेलं: १९९५ मध्ये ५१ पक्षी होते, २०२२ मध्ये २५२ झाले. रिमू झाडाला भरघोस फळ धरलं तरच त्याची वीण जोमाने होते. पिंजऱ्यात तो बहर कुठून आणणार?

माझं मत बेटाच्या बाजूने. आपल्या माळढोकाचीही पिल्लं प्रजनन केंद्रात वाढताहेत, पण ती सोडायला मराठवाड्यात नांगर न लागलेला माळ आधी राखायला हवा.