फ्लेव्हिन आणि आम्लता: ग्लुकोज ऑक्सिडेज घ्यावं की सायक्लोहेक्झॅनोन मोनोऑक्सिजनेज?

एन्झाइमच्या सक्रिय केंद्रातली (जिथे अभिक्रिया घडते त्या जागेतली) आम्लता अभ्यासायची तर निवड बऱ्याचदा या दोन एन्झाइमांवर येऊन थांबते. दोन्हींत एफएडी हा फ्लेव्हिन गटातला मदतनीस रेणू आहे, दोन्हींत क्षपित (इलेक्ट्रॉन घेतलेल्या) फ्लेव्हिनची ऑक्सिजनशी गाठ पडते. प्रोटॉनचं काम मात्र पार वेगळं आहे, आणि माझ्या मते निवड त्यावरूनच करावी.

ग्लुकोज ऑक्सिडेज सहज विकत मिळतं, टिकतं, आणि ऑक्सिजन इलेक्ट्रोडवरही बरंच काम भागतं. पीएच ५ च्या आसपास ऑक्सिजनशी त्याच्या अभिक्रियेचा वेगांक दर मोलर दर सेकंद सुमारे १५ लाख असतो. पीएच १२ च्या पुढे तो हजार पटींहून जास्त घसरतो. याच्या मुळाशी आहे हिस्टिडिन ५१६, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतलं ५१६ व्या जागेवरचं अमिनो आम्ल. त्यावर प्रोटॉन असेपर्यंत धनभार असतो, आणि ऑक्सिजनने पहिला इलेक्ट्रॉन घेताच तयार होणाऱ्या ऋणभारित सुपरऑक्साइडला तो भार सावरून धरतो. नवखा माणूस इथे हमखास चकतो. पीएचने वेग बदलला, म्हणजे हा प्रोटॉन ऑक्सिजनला दिला गेला, असं तो लिहून मोकळा होतो. वेग ठरवणाऱ्या पायरीत तो दिला जात नाही. जागेवर असतो, तेवढंच पुरतं. पण हे सगळं पीएच आणि वेग यांच्या आलेखावरून ताडायचं. आलेखातला पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंवर प्रोटॉन असतो तो आकडा) नेमका कोणाचा, हे म्युटेशन केल्याशिवाय, म्हणजे ते अमिनो आम्ल बदलून पाहिल्याशिवाय, छातीठोकपणे सांगता येत नाही.

मोनोऑक्सिजनेजमध्ये प्रोटॉन थेट वर्णपटात (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषला जातो त्यात) दिसतो, आणि मला हेच फार मोलाचं वाटतं. ऑक्सिजन फ्लेव्हिनच्या सी४ए कार्बनला जोडला जाऊन पेरॉक्साइड बनतं. प्रोटॉन नसताना त्याचं शोषण ३६६ नॅनोमीटरला, प्रोटॉन बसला की ३८३ ला, पीकेए ८.४. प्रोटॉन नसलेलं रूप कीटोनच्या कार्बोनिल कार्बनवर चालून जातं आणि अखेर लॅक्टोन (वलयाकार एस्टर) मिळतो. प्रोटॉन असलेलं रूप सायक्लोहेक्झॅनोनला हातही लावत नाही. पॅरा-हायड्रॉक्सीबेंझोएट हायड्रॉक्सिलेज या आणखी एका फ्लेव्हिन एन्झाइममध्ये नेमकं उलट: तिथे प्रोटॉनसकटचं रूपच हायड्रॉक्सीबेंझोएटच्या वलयाला ऑक्सिजन देतं. एकाच मध्यस्थ रेणूवरचा एक प्रोटॉन अख्खी अभिक्रिया बदलतो!

याची किंमतही आहे. स्टॉप्ड-फ्लो यंत्र (द्रावणं झटकन मिसळून वेगवान अभिक्रिया मोजणारं) हाताशी नसेल तर या वाटेला जाऊ नका. एन्झाइम नाजूक आहे, आणि एनएडीपी हा सहघटक सक्रिय केंद्रात बसलेलं असेल तरच पेरॉक्साइड मोजण्याइतकं टिकतं.

तेव्हा वर्षभराचा प्रकल्प आणि साधी उपकरणं असतील तर ग्लुकोज ऑक्सिडेज घ्या, पण हिस्टिडिनचं म्युटेशन पहिल्या दिवसापासून आराखड्यात धरा. स्टॉप्ड-फ्लो मिळत असेल तर मी दुसरा विचारच करणार नाही, मोनोऑक्सिजनेजच घेईन. दोन्हीकडे एक पथ्य पाळा: पीएच बदलताना आयनिक तीव्रता (द्रावणातल्या आयनांचं एकूण प्रमाण) तीच ठेवा, आणि टोकाच्या पीएचला ठेवलेलं एन्झाइम मूळ बफरमध्ये परत आणून त्याची क्रिया पूर्ण परतते का ते तपासा. ती परतली नाही, तर आलेखातली घसरण प्रोटॉनची नसून मोडलेल्या प्रथिनाची असू शकते.