सीटी अँजिओ की कॅथेटर अँजिओ?

द्वारका सर्कलला बाइक घसरते, हेल्मेट आरशाला लटकलेलं. चेहऱ्याची हाडं मोडलेली, नाकात गॉज भरूनही रक्त घशात उतरतंय. श्वासनलिका सुरक्षित केली की नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: "सीटीत दिसलं ना, मग परत अँजिओग्राफी कशाला?"

सीटी अँजिओत हाताच्या शिरेतून डाय (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध) सोडतात आणि काही सेकंदांत मानेपासून डोक्यापर्यंतच्या धमन्या टिपतात. हाडांचे तुकडेही त्याच फेरीत दिसतात. ल फोर्ट २ किंवा ३ फ्रॅक्चर (चेहऱ्याचा मधला भाग कवटीपासून सुटणारं) असेल तर मानेतली कॅरोटिड, म्हणजे डोक्याकडे जाणारी मोठी धमनीही बघावीच लागते. एक त्रास आहे: दातांतल्या धातूमुळे नेमक्या नको त्या जागी पांढरे पट्टे उमटतात.

कॅथेटर अँजिओत जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी वर नेतात. वेळखाऊ, महाग, क्वचित पक्षाघाताचा धोका. पण सीटी फक्त दाखवते, ही नळी काम करते. गळती सापडली की त्याच नळीतून कॉइल (तारेचं वेटोळं) किंवा बारीक कण सोडून ती बंद करता येते. जबड्यामागच्या मॅक्सिलरी धमनीपर्यंत चिरा देऊन पोचणं जिकिरीचं, तिथं तर हीच बरी.

म्हणून पेशंट स्थिर असेल तर मी आधी सीटीच सांगतो. पॅकिंग करूनही (गॉज भरूनही) रक्त थांबत नसेल, तर सरळ कॅथ लॅब, म्हणजे कॅथेटर अँजिओची खोली.

उशिरा येणारे पेशंट वेगळे. मार लागल्यावर आठ-पंधरा दिवसांनी कानशिलावर गाठ येते, बोटाखाली ठक-ठक उडते. ही दुखावलेल्या धमनीची फुगी असू शकते, गळू समजून चिरू नका. आधी रक्ताचा प्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी करा.