बोल्ट अ‍ॅक्शन: रणगाड्यांवरचे वाद मिटवताना काय उपयोगी पडलं

दुसऱ्या महायुद्धावरचा 'बोल्ट अ‍ॅक्शन' हा टेबलावरचा युद्धखेळ आमचा गट गेले अनेक महिने २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांनी खेळतोय. पायदळावरून आमच्यात फारशी वादावादी होत नाही. रणगाडा टेबलावर आला की मात्र आवाज चढतात, आणि ते साहजिक आहे, कारण आकडेच तसे आहेत.

जर्मन टायगर रणगाड्याचं चिलखत १०. अमेरिकन शेरमन रणगाड्याच्या मध्यम रणगाडाविरोधी तोफेला फाशावर पडलेल्या आकड्यात +५; बेरीज चिलखताएवढी आली तर वरवरचं नुकसान, जास्त आली तर चिलखत भेदलं. समोरून मारलं तर ५ पडल्यावर नुसतं वरवरचं नुकसान. चिलखत पूर्ण भेदायला ६ च हवा. तोच गोळा बाजूवर बसला तर आणखी +१, म्हणजे ५ सुद्धा पुरतो. मागून +२, तिथे ४ वरही काम होतं. उलट अंतर ३० इंचांपलीकडे गेलं की -१, आणि समोरून टायगर पूर्ण भेदणं अशक्य. तोफ समोरच्या गाडीच्या कोपऱ्यातून निघणाऱ्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे, एवढ्यावरून शक्यता दुप्पट होते. मग माणूस भांडणारच!

सर्वांत जास्त वाद मिटवले ते एका सवयीने, आणि तिला पैसे पडत नाहीत. गाडी हलवतानाच बोलायचं: "पुढची बाजू तुझ्या तोफेकडे ठेवतोय, बघून घे." समोरच्याने "ठीक आहे" म्हटलं की विषय संपला. नंतर कुणाचा हात लागून गाडी जराशी वळली तरी ठरलेलं तेच धरायचं. हे मी प्रत्येक नव्या खेळाडूला पहिल्याच दिवशी सांगतो.

दुसरी वस्तू म्हणजे सरळ रेषा पाडणारा छोटा लेझर, सोबत ४५ अंशांच्या रेषा आखलेला पुठ्ठा. गोळा समोर, बाजूला की मागे बसला हे ठरतं गाडीच्या मुख्य धडावरून; वरचा बुरूज कुठे वळलाय याचा संबंध नाही, आणि नवखे नेमके तिथेच अडकतात. मडगार्ड आणि बाहेर लटकवलेलं सामान कोपऱ्यात धरायचं की नाही, हे आम्ही डाव मांडतानाच ठरवतो.

रणगाडा झाडीमागे किती झाकलाय, हा वाद अजून पुरता सुटलेला नाही. डोळा तोफेच्या उंचीवर आणून दोघांनी पाहायचं. तरीही एकमत नसेल तर गोळा डागण्याआधी एक फासा, ४ किंवा जास्त आला तर आडोसा धरायचा. बाजू ठरवण्यासाठी मात्र फासा टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. जे मोजता येतं ते मोजावं.

टेबलावर टेकड्या असतील तर लेझरची रेषा चढ-उतारावर तुटक दिसते. तिथे दोघांनी टोकं धरून ताणलेला दोरा जास्त भरवशाचा.