नऊ माणसं, नऊ महिने, साताऱ्याच्या सहली: पायऱ्या मोजून लिहिलेला अनुभव

गेल्या महिन्यात वाईच्या बाजूला एका कृषी पर्यटन केंद्राचं बुकिंग केलं होतं. नऊ माणसं, दिवसभर, हुरडा, जेवण, बैलगाडी. ॲडव्हान्स तीन हजार. फोनवर मी एकच प्रश्न तीन वेळा विचारला, "पायऱ्या आहेत का? सासूबाईंचे गुडघे दुखतात." तिन्ही वेळा एकच उत्तर, "नाही हो मॅडम, सगळं सपाट आहे."

पोचलो तर जेवणाची शेड खाली ओढ्याकाठी. उतरायला पस्तीस दगडी पायऱ्या. एकीची उंची दुसरीसारखी नाही, कठडा नाही आणि दोन पायऱ्या तर पाय ठेवला की हलत होत्या. आई म्हणाल्या, "तुम्ही जेवून या, मी बसते गाडीत." ७१ वर्षांच्या बाईला गाडीत बसवून आम्ही खाली हुरडा खायचा? ताट वर आणून द्या म्हटलं, तर "आमच्याकडे तशी सिस्टीम नाही." पैसे मागितले, तर "पुढच्या वेळी ॲडजस्ट करू." न जेवता निघालो. तीन आठवडे रोज सकाळी दहाच्या ठोक्याला फोन केला, तेव्हा दीड हजार परत आले. उरलेले दीड हजार यायचेत आणि माझा फोन चालूच आहे.

त्या रागातच लिहायला बसले, पण लिहिण्यासारखं त्याहून बरंच साठलंय. जूनमध्ये घरात ठरलं होतं की महिन्यातून दोन रविवार सगळ्यांनी एकत्र बाहेर पडायचं. सासूबाई, आम्ही दोघं, भावजी, जाऊबाई आणि चार ते तेरा वयाची चार पोरं. जुनी सात सीटर गाडी, धाकटी दोघं मांडीवर. डबा घरचा: धपाटी, खर्डा, दही. खर्चाची वही माझ्याकडे. त्या वहीत पेट्रोल आणि तिकिटाच्या शेजारी मी तिसरा रकाना आखला, पायऱ्यांचा. अंतर सगळे सांगतात, तिकीट सगळे सांगतात, चांगली मिसळ कुठं मिळते तेही सांगतात. पायऱ्या किती हे कुणी सांगत नाही.

जुलैत ठोसेघर. धबधबा जोरात होता, पोरं हरखली. पण दिसतो तिथवर उतरून जावं लागतं, पावसात वाट निसरडी, आई वरच छत्री धरून उभ्या राहिल्या. वहीत फुली. तिथून पुढं चाळकेवाडीला पवनचक्क्यांच्या पठारावर गेलो, तिथं मात्र गाडीतून उतरलं की सपाट. ढग पायाशी आणि डोक्यावर पात्यांचा घुं घुं आवाज. आई हातातली छत्री मिटून अर्धा तास चालल्या. खर्च शून्य. ठोसेघरला जाणाऱ्यांनी चाळकेवाडी सोडू नये.

सप्टेंबरात कासचं फुलांचं पठार. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आलं, त्यामुळं रविवारी गर्दी ठरलेलीच. बुकिंग आधी ऑनलाइन करा आणि जमलं तर मधल्या वारी जा, आम्ही रविवारी जायची चूक केली. पहिला तासभर मी वैतागलेलीच होते, कारण फुलांपेक्षा सेल्फीवाले जास्त. मग धाकट्या पुतणीनं वाटेच्या कडेला उकिडवं बसून हाक मारली, "काकू, हे बघ!" नखाएवढी जांभळी फुलं, सीतेची आसवं. तिच्या ताईनं तिला सांगितलं की हे झाड किडे खातं, मातीखाली त्याच्या बारीक पिशव्या असतात आणि त्यात किडे अडकतात, कारण जांभ्यावरच्या पातळ मातीत त्याला पोटभर मिळत नाही. चार वर्षांची पोर पंधरा मिनिटं तिथून हलेना, किडा कधी येतो म्हणून. परतताना कास तलाव दाखवला. "आपल्या साताऱ्याच्या नळाला इथलं पाणी येतं" म्हटल्यावर सगळी पोरं गप्प होऊन पाण्याकडं बघत राहिली. त्या दिवसापासून घरात नळ उगाच वाहत नाही.

लिंबची बारा मोटेची विहीर ऑक्टोबरात. साताऱ्यापासून जवळ, अर्धा दिवस पुरतो. विरुबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतलेली, अष्टकोनी. एका वेळी बारा मोटा चालायच्या म्हणून हे नाव. उतरायला पायऱ्या आहेतच, पण आईंनी वरून मोटेच्या जागा पाहिल्या आणि पोरांना मोट कशी असते ते तिथंच उभं राहून सांगितलं: चामड्याची पिशवी, ती ओढायचे नाडा आणि सोंदूर हे दोर, बैल मागं कसे सरकायचे. माहेरी त्यांनी मोट चालताना बघितलेली. आम्ही खाली उतरून बघून आलो, पण त्या दिवशी सगळ्यात जास्त त्यांच्याकडूनच कळलं.

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाबद्दल फार लिहीत नाही. नौकेसाठी दीड तास रांग, नऊ जणांचा खर्च वहीतला सगळ्यात मोठा आकडा आणि पाण्यात थोडाच वेळ. दिवाळीच्या सुट्टीत अजिबात जाऊ नका.

आता मला माझंच मत बदलावं लागलं ती गोष्ट. सज्जनगड मी जुलैतच यादीतून काढून टाकला होता. पार्किंगपासून वर दोनशेच्या पुढं पायऱ्या. मोजताना लेकीचा आकडा दोनदा चुकला, तेव्हा नेमका सांगत नाही. नोव्हेंबरात आईच म्हणाल्या, "समर्थांच्या समाधीला मला न्या, वर चढायचं माझं मी बघते." आमच्या ह्यांनी नको म्हटलं, मीही नको म्हटलं. त्या ऐकेनात. सकाळी आठला सुरुवात केली. दहा पायऱ्या, थांबायचं, उरमोडी धरणाचं पाणी बघायचं, परत दहा. पोरं पुढं पळायची आणि पाण्याची बाटली घेऊन खाली यायची. सव्वा तासानं आम्ही वर. १६८२ साली समर्थांनी जिथं देह ठेवला तिथं आई बराच वेळ डोळे मिटून बसल्या. दुपारी पंगतीत महाप्रसाद: भात, आमटी, गव्हाची खीर. पैसे कुणी मागत नाही, पेटीत आपल्याला वाटेल ते टाकायचं. नऊ जणांचं पोट भरलं आणि वाढणारा आईंना तीनदा विचारून गेला, "आजी, खीर वाढू ना अजून?"

तेव्हापासून वहीत नुसता आकडा लिहीत नाही. पायरी किती उंच, मध्ये टेकायला जागा आहे का, हात धरायला काय आहे, हेही लिहिते. सज्जनगडाच्या दोनशे चढता येतात आणि त्या कृषी पर्यटनाच्या पस्तीस उतरता येत नाहीत.

भिलारला जानेवारीत गेलो. पुस्तकांचं गाव, मे २०१७ मध्ये सुरू झालं. गावातल्या घरांतून पुस्तकं मांडलीत, कुठं कथा, कुठं कविता, कुठं बालसाहित्य. आत जायचं, हवं ते उचलायचं, वाचत बसायचं. तिकीट नाही. आई एका ओसरीवर खुर्चीत बसल्या आणि चष्मा पुसून दोन तास वाचत राहिल्या. मोबाईलसाठी रडणारा माझा नऊ वर्षांचा मुलगा त्यांच्या पायाशी बसून चित्रं बघत होता. बाहेर स्ट्रॉबेरीचे मळे, पाव किलो घेतली, तेवढाच खर्च. बसायला खुर्ची देणारं हे नऊ महिन्यांतलं पहिलं ठिकाण.

तर कृषी पर्यटन केंद्रातून न जेवता निघालो तो उपाशी रविवार. पोरं भुकेली, आई अपराधी वाटून गप्प. वाईत मिसळ खाल्ली, ढोल्या गणपतीला गेलो. १७६२ साली रास्त्यांनी बांधलेलं देऊळ, मागची भिंत माशासारखी निमुळती, कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. मग तसंच मेणवलीला. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट. १७३९ च्या पोर्तुगीजांबरोबरच्या वसईच्या लढाईनंतर आलेली चर्चची घंटा तिथं आहे, तिच्यावर १७०७ साल आणि मेरीचं चित्र, देवळाशेजारी टांगलेली. पोरांना ते फार नवल वाटलं.

मी आईंना वरच बसवणार होते. पण घाटाच्या पायऱ्या रुंद, बसक्या, पाणी लागून गुळगुळीत झालेल्या. आईंनी माझा दंड धरला आणि एकेक करत उतरल्या. शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून पाय कृष्णेत सोडले. धाकटीनं आपलेही पाय शेजारी सोडले आणि विचारलं, "आजी, दुखतंय?" "आता नाही गं," म्हणाल्या. अंधार पडेस्तोवर कुणी उठायचं नाव काढेना.

पुढच्या रविवारी प्रतापगड ठरतोय. पार्किंगपासून भवानीमातेच्या देवळापर्यंत पायऱ्या कशा आहेत, उंच की बसक्या, मध्ये टेकायला जागा कुठं, कुणी आजी-आजोबांना घेऊन गेलं असेल तर जरूर कळवा. वहीत तो रकाना अजून कोरा आहे.