न हुंगता परफ्यूम घ्यायचा तर: मोठी बाटली, डिकँट, क्लोन की अत्तर?

ऑनलाइन परफ्यूम घेताना सगळ्यात कमी उपयोगी माहिती म्हणजे नोट्सची, म्हणजे परफ्यूममधल्या वेगवेगळ्या वासांची, यादी. बर्गमॉट, लॅव्हेंडर, सीडर, ॲम्बर एवढंच छापलेल्या दोन बाटल्यांचे वास एकमेकांना ओळखही दाखवणार नाहीत, कारण कुठला घटक किती हे यादी सांगत नाही. त्यामुळे ‘मला हा वास आवडेल का?’ यावर रात्रभर रिव्ह्यू वाचत बसण्यापेक्षा, अंदाज चुकला तर किती पैसे बुडतील आणि उरलेली बाटली कोणाच्या गळ्यात मारता येईल, हे आधी बघा.

थेट १०० मिलीची सीलबंद बाटली मिलीमागे सर्वांत स्वस्त पडते, पण सील फोडलं की बहुतेक विक्रेते ती परत घेत नाहीत. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली उडतं. म्हणजे बाटलीत हजारेक फवारे; रोज चार मारले तर आठ महिने पुरतील. न आवडलेल्या वासासोबत आठ महिने काढायचे म्हणजे शिक्षाच. तरीही काही बाटल्यांबाबत हा धोका पत्करायला हरकत नाही. डेव्हिडॉफचा कूल वॉटर (१९८८), अरमानीचा ॲक्वा दि जिओ (१९९६), डिओरचा सोवाज (२०१५) हे वास इतके पसरलेले आहेत की लिफ्टमध्ये, लग्नात, ऑफिसात तुम्ही ते हुंगलेले असणार, फक्त नाव माहीत नसेल. चांगला वास येणाऱ्या सहकाऱ्याला सरळ विचारा, कोणी रागवत नाही. उलट म्युग्लरचा एंजल (१९९२) घ्या: वर कॅरमेलची गोडी, खाली मातकट, दमट पॅचुली. आवडला तर माणूस दुसरं काही लावत नाही, नावडला तर पाच मिनिटांत डोकं उठतं. अशा परफ्यूमवर कितीही सवलत दिसली तरी मोठी बाटली नको.

रिव्ह्यू वाचायचेच तर तारीख आणि हवामान बघून वाचा. फुलांच्या वासासाठी वापरला जाणारा लिलिअल हा घटक युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केला. तो ज्यांत होता त्या परफ्यूमची कृती बदलावी लागली. बाटली आणि नाव मात्र तेच राहिलं. त्यामुळे २०१६ चा रिव्ह्यू कदाचित वेगळ्याच द्रवाबद्दल बोलत असतो. आणि थंड देशात कोटावर फवारून ‘उबदार, मखमली’ वाटलेला व्हॅनिला नागपूरच्या मे महिन्यात किंवा सकाळच्या विरार लोकलमध्ये शेजाऱ्याचा जीव घेतो. उष्णतेत सगळंच भरभर उडतं. लिंबूवर्गीय वास तर डबा खायच्या आत गायब.

डिकँट म्हणजे मूळ बाटलीतून काढून छोट्या कुपीत भरलेला माल. मिलीमागे भाव बराच चढा असतो, आणि यावरूनच लोक बिचकतात. पण ५ मिलीत पन्नासेक फवारे येतात, म्हणजे बारा दिवस. तेवढ्यात घाम, एसी, पाऊस, सगळं बघून होतं. माझ्या मते हे मॉलमधल्या काउंटरवर हुंगण्यापेक्षाही सरस आहे. तिथे कागदी पट्टीवर तुम्हाला पहिली दहा-पंधरा मिनिटंच भेटतात. परफ्यूमचा तळ, म्हणजे शेवटी उरणारा वास, अंगावर तीन-चार तासांनी उघडतो. शिवाय चौथ्या पट्टीनंतर नाक थकलेलं असतं.

डिकँटची भीती एकच, भरणारा माणूस. काचेची स्प्रेवाली कुपी देणारा आणि मूळ बाटलीचा बॅच क्रमांक दाखवणारा विक्रेता निवडा. कंपनीच स्वतःचे नमुना-संच विकत असेल तर तो प्रश्नही उरत नाही. बॉम्बे परफ्युमरीसारख्या भारतीय कंपन्याही असे संच देतात. आणखी एक: काही रेणूंना काही नाकं आंधळी असतात. मॉलिक्यूल ०१ या परफ्यूममध्ये सुगंधी घटक म्हणून फक्त आयसो ई सुपर हे कृत्रिम रसायन असतं आणि अनेकांना ते जाणवतच नाही. ‘पाणी भरून दिलं’ म्हणून विक्रेत्याशी भांडण्याआधी कुपी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नाकाखाली धरा.

क्लोन म्हणजे महागड्या परफ्यूमच्या वासाची दुसऱ्या कंपनीने केलेली स्वस्त नक्कल. त्याबद्दल नाक मुरडणारे बरेच आहेत. मला तो स्वस्तातला नमुना म्हणून उपयोगी वाटतो, पण एका अटीवर: सुरुवातीवरून मूळ परफ्यूमची परीक्षा करायची नाही. क्रीडच्या ॲव्हेंटसच्या (२०१०) धर्तीवरचा आरमाफचा क्लब द नुई इंटेन्स मॅन लावल्यावर पहिली वीस मिनिटं लिंबू अक्षरशः ओरडतं. मग तो बसतो आणि अननस-धुराचा मूळचा बाज बराचसा पकडतो. तासाभरानंतर जे उरतं ते आवडलं, तरच मूळ परफ्यूमचं डिकँट मागवा. कित्येक जण क्लोनवरच थांबतात, त्यातही काही बिघडत नाही.

अत्तर मात्र ऑनलाइन, न हुंगता, घेऊच नये असं माझं मत आहे. ‘सोवाज’ लिहिलं की वास ठरलेला असतो; ‘शमामा’, ‘मजमुआ’, ‘हीना’ ही एका कंपनीची नावं नव्हेत, प्रत्येक अत्तरवाल्याची कृती वेगळी. उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या पारंपरिक पद्धतीत तांब्याच्या देगेतून निघालेली वाफ भपका नावाच्या भांड्यातल्या चंदनतेलात उतरते. चंदन महागल्यापासून अनेक जण लिक्विड पॅराफिन वापरतात, आणि फोटोत दोन्ही कुप्या सारख्याच दिसतात. मुंबईत असाल तर मोहम्मद अली रोडवर जा. दुकानदार मनगटाच्या मागे बोट फिरवून देतो. लगेच तोळाभर बांधून घेऊ नका, तासभर भटकून, जेवून परत या. तिथे मिट्टीचं अत्तर जरूर मागा. भाजलेल्या मातीचा अर्क असतो तो, मृगाच्या पहिल्या सरीचा वास.

बजेट हजाराच्या आत असेल तर क्लोन किंवा टायटनच्या स्किनची छोटी बाटली बघा. मूळ परफ्यूम पाच हजारांच्या पुढचा असेल तर आधी डिकँट, अपवाद नाही. भेट द्यायची असेल तर ती व्यक्ती सध्या काय लावते ते तिच्या बहिणीला किंवा रूममेटला विचारा आणि तीच बाटली द्या. नवं काही द्यायची हौस असेल तर नमुना-संच द्या, निवड तिची ती करेल.