जवारी लावायची तर मिरज गाठा

माझ्या तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या माथ्याची घासून केलेली घडण, पार बसली होती. खर्ज (सगळ्यात खालच्या स्वराची तार) नुसता ठक्क वाजायचा, आस म्हणजे स्वराची मागे रेंगाळणारी गुंज टिकतच नव्हती. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका छोट्या दुकानात नेला. तिथल्या कारागीर चाचांनी आधी चारही तारा छेडून कान लावला. मग तारा ढिल्या करून घोडीचा माथा कानशीने अगदी हलक्या हाताने घासला. घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं, अशी अख्खी दुपार. शेवटी सुती दोरा तारेखाली सरकवता सरकवता एका जागी स्वर असा खुलला की अंगावर काटा आला. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, ते उगाच नाही!

नवा तानपुरा गळ्यात मारायचा प्रयत्न अजिबात नाही. उलट निगा कशी राखायची ते नीट समजावलं: एसीच्या झोतात किंवा उन्हात ठेवू नका, लाकूड आणि भोपळा दोन्ही तडकतात. खुंटी सरकत असेल तर काढून खडू घासा.

जागा फार अरुंद आहे, बसायची सोय नाही. दर वाजवी वाटले. सकाळी लवकर जा, काम त्याच दिवशी होतं.