ट्यूब अ‍ॅम्प घ्यायचाय? आधी स्पीकर बघा

रामबागेत आमच्या माडीवर दहा बाय बाराची खोली आहे. तिथे गाणं ऐकायला स्वस्तातला ट्यूब अ‍ॅम्प, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर, हवा होता, म्हणून तीन प्रकार घरी वाजवून पाहिले.

सगळ्यात स्वस्त हायब्रिड. पुढे दोन चिमुकल्या ट्यूब, पण स्पीकर हलवण्याचं काम चिपचं. वजनाला हलका, कुठल्याही स्पीकरवर चालतो. मी आणलेल्यात ट्यूबखाली नारिंगी एलईडी बसवला होता. तो उजेड फिलामेंटचा नाही हे कळलं तेव्हा मन खट्टू झालं. आवाज स्वच्छ आहे, पण ट्यूबचा म्हणून घेऊ नका.

खरा प्रश्न उरलेल्या दोघांचा. सिंगल-एंडेडमध्ये दर चॅनेलला स्पीकर हलवणारी एकच ट्यूब (ईएल ८४ जातीची), ताकद जेमतेम ५ वॅट. पुश-पुलमध्ये जोडीने काम करणाऱ्या दोन, साधारण १२ ते १५ वॅट. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटमध्ये तो किती मोठा वाजतो ते माप, ८५ डेसिबल असेल तर सिंगल-एंडेडच्या वाटेला जाऊ नका. ९१ डेसिबलच्या स्पीकरवर जो आवाज ५ वॅटमध्ये निघतो, त्याला इथे २० वॅट लागतात.

गोडवा मात्र सिंगल-एंडेडचाच. त्यात मिसळणारा दुसरा हार्मोनिक म्हणजे त्याच स्वराचा वरच्या सप्तकातला सूर, म्हणून तो खुपत नाही. सारंगी कशी भरून येते! पुश-पुलमध्ये ट्यूब आणि स्पीकर यांच्यामधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये तो बराचसा कटतो. पण तिथेच वीजपुरवठ्याची घरघरही कटते. आपल्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांचा मारवा लावला, तेव्हा फरक कळला. एका आलापानंतर ते थांबतात, तेवढ्यात सिंगल-एंडेडवर बारीक गुणगुण यायची. पुश-पुलवर फक्त तानपुरा. अतिविलंबितातली ती शांतता मला गोडव्याहून मोलाची वाटते. मी पुश-पुल ठेवला.

सेल्फ-बायसवाला (ट्यूबमधला प्रवाह आपोआप बेतात ठेवणारा) मागा, ट्यूब बदलल्यावर मीटर लावून बसावं लागत नाही. किंमत सारखी असेल तर जड तो घ्या. खरा पैसा ट्रान्सफॉर्मरच्या लोखंड-तांब्यात असतो. मे महिन्यात चार ट्यूब खोली चांगलीच तापवतात, तेव्हा बंद कपाटात ठेवू नका. स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि खालचं झाकण स्वतः उघडायचं नाही: प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब उरलेला असू शकतो.